रूट-ओव्हर-रॉकसाठी चार दगड जमवलेत, कुठला घेऊ?

मुळाक्षर:

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच काही विचारतोय, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. रूट-ओव्हर-रॉक, म्हणजे मुळं दगडाच्या अंगावरून खाली मातीत उतरवलेलं बोन्साय, करायचंय. माझ्याकडे फायकस मायक्रोकार्पाचं (वडाच्या कुळातलं) एक रोप आहे, खोड पेन्सिलीपेक्षा थोडं जाड. दोन वर्षांपूर्वी इथेच कुणीतरी लिहिलं होतं की दगडावर चढवायचं झाड आधी उंच अरुंद भांड्यात वाढवा म्हणजे मुळं पसरायच्या ऐवजी खाली खाली जातात, म्हणून मी ते पाइपच्या उभ्या तुकड्यात लावलं आणि विसरून गेलो. परवा पाइप उभा चिरला तर आत मुळांची नुसती वेणी, सगळ्यात लांब मूळ दीड फूट भरलं, मी ते घरात सगळ्यांना दाखवत फिरलो, कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही ते सोडा. आता ते रोप ओल्या गोणपाटात न ठेवता परत सैल मातीत तात्पुरतं पुरून ठेवलंय आणि गाडी दगडापाशी अडलीय.

दगड चार आहेत. एक नदीतला काळा गोटा, अंड्याच्या आकाराचा, इतका गुळगुळीत की हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही. घरातलं बहुमत त्याला आहे. दुसरा राखाडी, पातळ पातळ थरांचा, उभा धरला की थेट डोंगराचा सुळका वाटतो, माझं मन त्याच्यावर बसलंय. तिसरा मत्स्यालय सजवायला आणतात तो भोकाभोकांचा पिवळट-तपकिरी ड्रॅगन स्टोन, मित्राने टाकी मोडली तेव्हा दिला. आणि चौथा म्हणजे गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वर्षानुवर्षं लावून ठेवलेला एक ओबडधोबड काळपट धोंडा, जेमतेम वीतभर उंच, तो मी खरंतर आकडा वाढवायला मोजतोय.

सुळका घेतला तर चालेल ना? की अजून शोधू?

पारंबी:

चौथा. फोटो बघायचीही गरज नाही 😄 वर्षानुवर्षं दाराचा मार खाऊन जो तसाच आहे तो मुळांचाही खाईल. सुळक्याच्या प्रेमात पडायच्या आधी तो एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी बादलीचा तळ बघा. मी एकदा अशाच थरवाल्या दगडावर उंबर चढवला होता, दोन वर्षं अप्रतिम चालला, तिसऱ्या वर्षी एक मूळ दोन थरांच्या मध्ये घुसलं आणि जाड झालं, आणि एका सकाळी दगडाचा दर्शनी भाग पुस्तकाचं पान उलटावं तसा सुटून कुंडीत पडलेला. मुळं तशीच हवेत, आत काहीच नाही, पिंजरा. झाड जगलं पण दाखवण्यासारखं उरलं नाही.

खडकफोड्या:

पारंबीताईंशी सहमत, फक्त थर आहेत म्हणून लगेच फेकू नका. थरांचे दगड दोन जातींचे असतात आणि दिसायला जवळपास सारखे. शेल म्हणजे नुसता चिखल दाबून घट्ट झालेला, तो मऊ असतो. स्लेट म्हणजे तोच शेल पुढे जमिनीखाली दाब आणि उष्णतेने भाजून निघालेला, तो इतका टणक की त्याची छपरं करतात आणि शंभर शंभर वर्षं टिकतात. ओळखायचं कसं तर हातात मोकळा धरा आणि दुसऱ्या दगडाने टिचकी मारा, स्लेट कौलासारखी खणखणते, शेल 'थप' करतो. दुसरं म्हणजे ओला करून वास घ्या, पहिल्या पावसात मातीला येतो तसा चिखलाचा वास आला तर आत चिकणमाती भरपूर आहे, त्याला हात जोडा. शेल ओलं-सुकं ओलं-सुकं होऊन सुटत जातो, आणि बोन्सायची कुंडी म्हणजे आयुष्यभर रोज ओलं-सुकंच.

ज्यांच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं त्यांनी तर थरवाला किंवा भेगाळलेला मऊ दगड अजिबात घेऊ नये, पाण्याचं बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं आणि बंद भेगेत तेवढं पाचरीसारखं पुरतं.

ड्रॅगन स्टोनबद्दल: दिसतो झकास, मत्स्यालयात ठीकच, पण तो मुळात मातकट दगड आहे, भोकांमध्ये माती असते आणि काठ बोटाने दाबले तरी तुटतात. फायकसचं मूळ त्याला अक्रोडासारखं फोडेल. नाही म्हणजे नाहीच.

आता कुठलाही अनोळखी दगड असला तर मी काय करतो ते सांगतो, सगळं घरच्या घरी होतं. लोखंडी खिळ्याने जोर लावून ओरखडा काढायचा. खोल पांढरी चर पडून भुगा निघाला तर दगड मऊ. खिळाच घासला जाऊन करड्या धातूची रेघ उमटली आणि ती बोटाने पुसली गेली तर दगड खिळ्यापेक्षा कडक, म्हणजे बेसाल्ट, ग्रॅनाइट, गारगोटी या कुळातला. मग कोपऱ्यावर हातोडीची एक मध्यम टोली, डोळ्यांवर चष्मा लावून. आज फुटायचा असेल तर आजच फुटू दे, पाच वर्षांनी झाडासकट नको. मग व्हिनेगरचे दोन थेंब, फेस आला तर चुनखडी. कधी कधी लगेच येत नाही, डोलोमाइट असेल तर खिळ्याने थोडी भुकटी काढून त्या भुकटीवर थेंब टाकावा लागतो तेव्हा कुठे बारीक बुडबुडे दिसतात. चुनखडी माती अल्कलाइन करत नेते, त्यामुळे मी तरी कुंडीत घेत नाही.

समुद्रकाठचा दगड असेल तर मीठ निघेपर्यंत आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्यात, पाणी बदलत. हिरवे-निळे डाग किंवा चकचकीत सोनेरी दाणे असलेला दगड सरळ टाळा, त्यात तांबं नाहीतर गंधकयुक्त खनिजं असू शकतात आणि ती ओली राहिली की जे काही सोडतात ते मुळांना नको असतं.

आणि तुमचा चौथा, वर्णनावरून बेसाल्ट वाटतोय. त्यावर कुठे कुठे बारीक बारीक भोकं आहेत का? असतील तर लॉटरी लागली समजा. लाव्हा थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून राहतात त्यांची ती भोकं, दगड एकदम पक्का आणि तंतुमुळांना नखं रोवायला जागा.

कुंडीतला_बेडूक:

चुनखडीचं एवढं भय कशाला राव? चीनमधले तायहू आणि यिंगदेचे दगड, ज्यांच्यावर आख्खी पेनजिंग, म्हणजे चिनी बोन्सायची कला उभी आहे, ते चुनखडीच आहेत की. आणि प्रश्न फायकसचा आहे. फायकसला अल्कलाइन माती चालते. वड-पिंपळ जुन्या चुन्याच्या भिंतीतून कसे उगवतात बघितलंय ना, भिंत पडते पण पिंपळ पडत नाही. अझेलिया असती तर मी पण नको म्हटलं असतं, तिला आम्ल माती लागते, तिची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. झाड बघून बोला.

आणि गोट्याची बाजू कुणीच घेत नाही म्हणून घेतो. माझ्याकडे गुळगुळीत गोट्यावर फायकस आहे, सहा वर्षं झाली. होतं. फक्त मान्य करतो की दुसऱ्यांदा केल्यावर झालं, पहिल्या वेळी वर्षभराने माती काढली तर मुळं सगळी एका बाजूला घसरून एकमेकांत गुंतलेली, टोपी तिरपी झाल्यासारखी. दुसऱ्या वेळी कलम बांधायच्या ग्राफ्टिंग टेपने पार ममी करून टाकली तेव्हा जागेवर राहिली.

खडकफोड्या:

बेडूक, फायकसचा मुद्दा बरोबर, मागे घेतो. चुनखडी टणक असेल तर फायकसला घ्या. मी मेपल आणि अझेलियावाला माणूस त्यामुळे हात आपोआप व्हिनेगरकडे जातो.

गोट्याबद्दल मात्र तुम्हीच उत्तर दिलंत. सहा वर्षांनी मुळं गोट्याला 'धरून' आहेत की गोट्याभोवती घट्ट पिशवी झालीय? टेप नसती तर?

कुंडीतला_बेडूक:

पिशवी 🙈 गोटा आत गोल फिरेल असं वाटतं कधी कधी.

सावकाश:

उशिरा आलो, नावाला जागतो.

दगड कसला आहे ते खडकफोड्यांनी उत्तम सांगितलं, त्यात भर नाही. पण मला वाटतं मुळाक्षर यांचा खरा घोटाळा वेगळा आहे. तुम्ही दगडाकडे एकटा दगड म्हणून बघताय. सुळका उभा धरला की डोंगर दिसतो, बरोबर, पण त्या डोंगराच्या टोकावर झाड बसणार कुठे? आणि मुळं उतरणार कुठून? पाच-सात वर्षांनी निम्मा दगड मुळांखाली गेलेला असणार, जे आज सुंदर दिसतंय त्यातलं बरंचसं झाकलं जाणार. सुंदर दगड हवा असेल तर तो नुसता लाकडी पाटावर मांडून ठेवा, जपानी लोक ठेवतात, सुइसेकी म्हणतात त्याला, ती स्वतंत्र कला आहे. आपल्याला हवा तो दगड निम्मा झाकला गेल्यावर शोभणारा.

आधी एक घोळ मिटवू, कारण नवीन लोक दोन प्रकार एक समजतात. सेकीजोजू म्हणजे झाड दगडाच्या डोक्यावर, मुळं दगडाच्या अंगावरून खाली आणि टोकं कुंडीतल्या मातीत, दगड फक्त वाट. इशित्सुकी म्हणजे झाड दगडातल्याच खळग्यात, थोड्याशा मातीवर, मुळं खाली पोचायची गरज नाही, आख्खा संसार दगडावर. भोकांचा, खळग्यांचा, चुरा न होणारा दगड असेल तर तो दुसऱ्या प्रकाराला बरा. तुम्ही करताय तो पहिला. पहिल्याला खळगे नकोत, उभ्या खाचा हव्यात.

आता दगड हातात घेऊन तीन जागा बघायच्या.

डोकं. झाडाला बैठक पाहिजे. टोकदार नको, सपाट तवा पण नको, घोड्याच्या खोगिरासारखी मधे किंचित दबलेली जागा असली की खोड तिथे मांडी घालून बसतं. तुमच्या रोपाच्या बुडाशी मधोमध सोटमूळ असेल ते आधी काढावं लागेल, म्हणजे खालून ते छत्रीसारखं पोकळ होईल आणि खोगिरावर चपखल बसेल. बूड आणि दगड यांच्यामध्ये काडी सरकेल एवढी फट राहिली तर ती फट पुढे तुम्ही मेल्यावरही दिसेल.

मग अंग. वरून खाली जाणाऱ्या भेगा, खाचा, कंगोरे, निदान तीन-चार वेगवेगळ्या दिशांना. आडव्या खाचा काही कामाच्या नाहीत, मूळ त्यावरून पुलासारखं जातं आणि खाली पोकळी राहते. धारदार कडा असतील तर कानशीने मोडून घ्या, वाऱ्याने झाड हललं की कोवळं मूळ त्या धारेवर चिरतं.

आणि पाय, जो कुणीच बघत नाही. दगड खाली रुंद होत गेला पाहिजे किंवा निदान सरळ उतरला पाहिजे. अळंबीसारखा वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर मुळं रुंद भागापर्यंत येतात आणि तिथून सरळ हवेत लोंबतात, दगडाला परत चिकटत नाहीत. तुमचा तो सुळका जमिनीवर टेकतो तिथे अरुंद आहे का ते बघा. शिवाय बूड इतकंही रुंद नको की कुंडीत मातीला जागाच राहणार नाही. चारी बाजूंना दोन बोटं माती हवीच, झाडाचं पोट ती आहे, दगड नाही.

घरी करून बघायची एक युक्ती सांगतो, दहा मिनिटांचं काम. लोकरीचे सहा-सात तुकडे घ्या, एका टोकाला गाठ मारून एकत्र बांधा, ओले करा, गाठ दगडाच्या डोक्यावर ठेवा आणि धागे सोडून द्या. ओली लोकर जड असते, आपोआप खाचांमध्ये जाऊन बसते. जो दगड धाग्यांना जागा देतो तो मुळांना देतो. जिथे धागे घसरून एका बाजूला गोळा होतात तिथे मुळंही तेच करणार. मग दगड आडवा करा, उलटा करा, पुन्हा टाका. प्रत्येक दगडाला निदान पाच-सहा तोंडं असतात आणि आपण पहिल्यांदा उचलला तेच वर समजतो.

रंगाचं एकच सांगतो. फायकसची मुळं फिकट राखाडी होतात, म्हणून काळसर दगडावर उठून दिसतात. पांढरीशुभ्र गारगोटी घेतली तर झाड कुणी बघणारच नाही, सगळ्यांची नजर दगडावर. आणि ताजा फुटलेला दगड कच्चा दिसतो, उन्हापावसात राहून साल धरलेला असेल तर तोच घ्या.

लाल लाव्हा बरेच जण वापरतात, हलका असतो, मुळं घट्ट धरतात, पण तो लालपणा मला डोळ्यांना सोसत नाही. ही आवड झाली, नियम नाही. जपानमध्ये इबीगावा नावाचा दगड या कामाला नावाजलेला आहे, अनेक तुकडे एकत्र आवळल्यासारखा दिसतो, सगळीकडे खाचाच खाचा. तो मिळवायच्या मागे लागू नका, पण त्याचे फोटो बघा, काय शोधायचंय ते डोळ्याला कळेल.

मुळाक्षर:

सावकाश काका, तुम्ही, खडकफोड्या, पारंबीताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार यातच गेला, निकाल सांगतो.

ड्रॅगन स्टोन रात्रभर बादलीत ठेवला, सकाळी पाणी चहाच्या रंगाचं आणि तळाला बोटभर गाळ. बाद.

सुळक्याला टिचकी मारली, 'थप'. तरी मन मानेना म्हणून ओला करून वास घेतला, चिखल. तरीही मन मानेना म्हणून कोपऱ्यावर हातोडी मारली, फार जोरात नाही हो, तर तो चार पानांमध्ये उघडला. त्यातलं एक पान आता चमच्यांखाली ठेवायला वापरतोय. गोष्ट संपली.

गोट्यावर लोकर टाकली. सहाच्या सहा धागे घसरून मागे गोळा झाले, एकही पुढे राहिना. बेडूकरावांची ममी आठवली.

मग दाराचा धोंडा. खिळा मारला तर खिळ्याचीच करडी रेघ उमटली, पुसली गेली. व्हिनेगरला काही नाही. बारीक भोकं आहेत, एका बाजूला भरपूर. वजन केलं, साडेतीन किलो भरलं, एवढासा दिसतो आणि इतका जड कसा म्हणून पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, सव्वा लिटरच्या जरा खाली. आणि आता गंमत. दारात तो ज्या चपट्या बाजूवर बसायचा त्या बाजूवर ठेवून लोकर टाकली तर ठीकठाक, तीन धागे खाचेत, तीन लोंबकळत. काकांचं ऐकून उलटा केला. दारात जे बूड होतं ते वर आलं, आणि त्या चपट्या बाजूच्या मधे एक खळगी आहे जी इतक्या वर्षांत मी बघितलीच नव्हती, खोगीर म्हणतात ते हेच. धागे टाकले, पाच पाच बाजूंना गेले, एक थोडा कलंडला. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

पण दोन शंका. उलटा केल्यावर तो खाली नीट उभा राहत नाही, डुगडुगतो. आणि मागच्या बाजूला मोठा भाग सपाट आहे, तिथे खाच नाही, ग्राइंडरने पाडू का?

खडकफोड्या:

साडेतीन किलो भागिले सव्वा लिटरच्या जरा खाली म्हणजे घनता तीनच्या आसपास. बेसाल्टच. ग्रॅनाइट असता तर २.७ च्या जवळ आला असता. तुम्ही अजाणता भूशास्त्राचं प्रॅक्टिकल केलंत.

ग्राइंडरचं ऐका नीट. पाडू शकता, डायमंड ब्लेडने, पण कोरडं कापू नका. एकाने सतत पाणी सोडत राहायचं, आणि ते करताना ग्राइंडर बॅटरीचा, वायरवाला आणि पाणी एकत्र कधीच नाही. दगडाच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, खाणकामगारांना सिलिकोसिस होतो तो त्यानेच. बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा कमी असते म्हणून चालतं असं कुणी सांगेल, ऐकू नका. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, एन९५ किंवा त्याहून वरचा. आणि मोकळ्या हवेत.

पण खरं सांगू, मी तरी पाडणार नाही. ब्लेडची चर सरळ, एकसारखी, कितीही वर्षं गेली तरी 'मी ब्लेडची आहे' असं ओरडून सांगते. अगदीच हवी असेल तर छिन्नीने ठोकून ठोकून वाकडीतिकडी करा.

सावकाश:

मागची बाजू मागेच ठेवा की. सगळ्या बाजूंनी मुळं हवीतच असा हट्ट नको. सपाट भाग मागे गेला आणि पाच मुळं पुढे आणि बाजूंना उतरली तर पुढून बघणाऱ्याला काय कमी आहे? थोडा उघडा दगड दिसलाच पाहिजे, नाहीतर लोकांना कळणार कसं की आत दगड आहे. फायकस जोरात वाढणारं झाड, दहा वर्षांत मुळं एकमेकांत मिसळून जातात आणि छोटा दगड गिळून टाकतात. तुमचा दगड वीतभर आहे म्हणून मला धास्ती नाही, मुठीएवढा असता तर दुसरा शोधा म्हटलं असतं.

डुगडुगण्याला घाबरू नका. दगडाचा खालचा पाव भाग तरी मातीतच जाणार आहे. कुंडीच्या भोकांतून तार वर काढून दगड आधी कुंडीला बांधा, मगच झाड. हलणाऱ्या दगडावर झाड बसवलं तर रोज पाणी घालताना दगड हलेल आणि नवी मुळं रोज तुटतील. तरी हलत असेल तर खाली दोन-तीन चपट्या चिपा सारा. सिमेंट लावू नका, ताजं सिमेंट चुनखडीपेक्षा वाईट. आणि भोकांवर दगडाचं बूड बसून निचरा बंद होणार नाही एवढं बघा.

मुळं खाचेत बसवताना मधे मधे चिकणमाती आणि शेवाळ कालवून त्याचा लपका भरा, म्हणजे पोकळी राहत नाही आणि सुकत नाहीत. वरून सुतळीने गुंडाळा. सुतळी काही महिन्यांत कुजून जाते, तार किंवा नायलॉन राहतो आणि रुततो. तुमच्याकडे सुतळी लवकरच कुजत असेल तर बेडकाची टेप बरी, पण मग मधे एकदा उघडून बघा, टेप विसरलात तर ती पण रुतते. मग आख्खा दगड, झाडाच्या बुडापर्यंत, खोल कुंडीत पुरून टाका आणि किमान एक पूर्ण वाढीचा मोसम विसरा. फायकसला वर्षभर पुरतं, मेपलला दोन-तीन धरा. त्यानंतर वरून माती काढायची ती एकदम नाही, महिन्याला बोटभर. मूळ मातीत असताना जाड होतं, हवेत आलं की वाढ मंदावते, त्यामुळे घाईने उघडलं तर आयुष्यभर दोरेच दिसतील. आणि काळा दगड उन्हात तापतो हे विसरू नका, नुकती उघडी पडलेली मुळं भर दुपारी भाजतात. पहिले काही आठवडे सावली किंवा वरून ओलं शेवाळ.

पारंबी:

आणि उकरून बघायचं नाही!! हे सगळ्यात अवघड आहे. मी कुंडीवर तारीख लिहून ठेवते आणि तरी बोट घालून बघते, मग दोन-चार बारीक मुळं हमखास तुटतात आणि मी दिवसभर स्वतःला शिव्या देते.

कुंडीतला_बेडूक:

सपाट बाजू मागे ठेवण्याबद्दल, ठरवण्याआधी दगड फिरत्या चकतीवर ठेवून थोडा थोडा फिरवत आठ फोटो काढा, डोळ्याच्या उंचीवरून, वरून नाही. वरून सगळेच दगड छान दिसतात. आणि झाडाची पण दर्शनी बाजू असते, दगडाची वेगळी आणि झाडाची वेगळी निघाली तर झाड फिरवा, दगड नाही, कारण खाच जिथे आहे तिथेच राहणार.

मुळाक्षर:

झालं एकदाचं. आज सकाळी बसवलं. सोटमूळ कापताना हात थरथरत होता पण कापलं, खालून खरंच छत्री झाली आणि खळगीत इतकी बेमालूम बसली की सोडल्यावर पण पडली नाही. पाच मुळं पाच वाटांनी, एक सहावं कुठेच बसेना ते काढून टाकलं. खाली चिपा सारल्या, तारेने आवळलं, आता कुंडी धरून हलवली तरी दगड हूं का चूं करत नाही. लपका, सुतळी, माती. आता वरून फक्त खोड आणि पानं दिसतायत, कुणाला सांगूनही पटणार नाही की आत काही आहे.

कुंडीवर तारीख लिहिलीय, पारंबीताई.

गॅलरीचं दार सकाळपासून तीनदा आपटलं. शेवटी तिथे गोटा लावलाय, तो घसरतोय.

कुंडीतला_बेडूक:

टेपने गुंडाळा 😄